पेडर रोडचा चढ आणि भाच्याचा गुलाबी डबा

पेडर रोडच्या चढावर एका इमारतीच्या गेटपाशी मी फुटपाथवर बसकण मारली तेव्हा सव्वासात वाजत होते. डिसेंबरातला रविवार. साडेपाचला लालबागहून निघाले होते. भायखळा, सीएसएमटी, नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह, चौपाटी, केम्प्स कॉर्नर. पुढे हाजीअली, वरळी सी फेस आणि प्रभादेवी करून घरी यायचं, म्हणजे सगळे मिळून २२ किलोमीटरच्या आसपास होतात. जानेवारीतल्या हाफ मॅरेथॉनआधीचा हा माझा शेवटचा मोठा पल्ला. जेमतेम १३ झाले आणि कारभार आटोपला.

पाय दुखत नव्हते. धापही लागली नव्हती. चौपाटीच्या सिग्नलला एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तर मला त्याचा असा काही राग आला की मी थांबून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी काही कारण नसताना डोळ्यांत पाणी. मग हात गार पडले, मानेला चिकट घाम आला आणि समोरून आलेल्या बसचा नंबर वाचायला दोनदा बघावं लागलं.

गेटवरचा वॉचमन आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून बाहेर आला. "ताई, शुगर आहे का तुम्हाला?" मी मानेनेच नाही म्हटलं. "मग उपाशी धावताय," असं म्हणून निदान करून मोकळा झाला. टपरीवरून त्याच्यासाठी आलेला चहा त्याने मला दिला, सोबत चार पार्ले-जी. असला पाकासारखा गोड चहा मी एरवी बेसिनमध्ये ओतला असता. दहाव्या मिनिटाला जग पुन्हा जागच्या जागी आलं. सायकलवाल्याबद्दल वाईटसुद्धा वाटलं.

लाजेची गोष्ट पुढे आहे. मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, परळच्या एका हॉस्पिटलात. रोज सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग माझ्यासमोर असते. त्यातला एखादा घेरी येऊन खुर्चीत कलंडला की त्याला ग्लुकोजचं पाणी पाजणारी मीच. आणि मला माझी साखर वॉचमनने सांगावी!

आमच्याकडे साखरेच्या तपासणीला करड्या झाकणाची ट्यूब लागते. नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात मी हीच समजावते, कारण चूक इथेच होते. रक्त अंगाबाहेर आलं म्हणून पेशी मरत नाहीत. त्या ट्यूबमध्येही साखर खात बसतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर तासाभरात साखर ५ ते ७ टक्के उतरते, आणि पेशंटच्या हातात खोटा रिपोर्ट पडतो. म्हणून करड्या ट्यूबच्या तळाशी सोडियम फ्लुओराइडची पांढरी भुकटी असते, ती पेशींचं साखर फोडण्याचं काम मध्येच अडवते. रक्त घेतलं की ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची. खळखळ हलवायची नाही, पेशी फुटतात.

ही ट्यूब हातात घेऊन मी भाच्याला एकदा गणित घालून दाखवलं. माझ्यासारख्या ५८ किलोच्या बाईच्या अंगात चारेक लिटर रक्त. उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे दर डेसिलिटरला. गुणाकार केला की सगळ्या रक्तात मिळून साखर येते चार ग्रॅम. चहाचा एक चमचा! एवढ्या भांडवलावर मेंदू, हृदय, दोन पाय चालायचे. चमचा रिकामा होत नाही तो केवळ मागून कोणीतरी भरत असतो म्हणून.

मागचा साठा दोन ठिकाणी असतो, ग्लायकोजेनच्या रूपात. आमच्या जुन्या चाळीत पाणी पहाटे यायचं. प्रत्येक खोलीच्या मोरीत आपापलं पिंप, आणि गच्चीवर सगळ्यांची मिळून एक टाकी. यकृत म्हणजे ती टाकी: पोटभर जेवलेल्या माणसात ८० ते १०० ग्रॅम, आणि ते सगळ्या शरीराला मिळतं. स्नायू म्हणजे पिंपं: सगळ्यांचं मिळून ३०० ते ५०० ग्रॅम, पण ज्याचं त्याला. मांडीच्या पिंपातलं दंडाला जात नाही, कारण ग्लायकोजेनपासून बनलेली साखर रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते यकृतात असतं, स्नायूत नसतं. आमच्या मजल्यावरही असेच एकजण होते, पिंप भरलेलं असलं तरी तांब्याभर पाणी द्यायचे नाहीत.

रात्रभरात टाकी निम्म्याच्या खाली जाते, कारण आपण झोपलो तरी मेंदू जेवत असतो. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज एकटा मेंदू खातो. त्या रविवारी माझी टाकी तर अशी होतीच, पण पिंपंही मी स्वतःच्या हाताने उपसून ठेवली होती. धावणाऱ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कोणीतरी एक डाएट टाकलं होतं: भात बंद, भाकरी-पोळी बंद, बटाटा तर नावही काढायचं नाही. तीन आठवडे मी अंडी, पनीर, चिकन, काकडी यांवर काढले. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून मी लॅबमध्ये पेढे वाटायचे बाकी ठेवले होते (पेढे खाता येत नव्हते म्हणून). आता कळतं, ते बहुतेक पाणी होतं. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर तीनेक ग्रॅम पाणी बांधून ठेवतं, साठा गेला की तेही जातं.

धावण्याचा ढोबळ हिशेब असा, की दर किलो वजनामागे दर किलोमीटरला एक कॅलरी. ५८ गुणिले १३, म्हणजे गेटपर्यंत माझ्या ७५० कॅलरी गेल्या होत्या. चरबी कितीतरी होती अंगावर, देवाच्या दयेने अजून आहे. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या ग्रॅमला ४. मग चरबीवर का नाही धावले? सपाटीवर, गप्पा मारता येतील अशा वेगात, धावलेच होते. पण चरबी जाळायला त्याच कामासाठी ऑक्सिजन जास्त लागतो आणि ती हळू पेटते. चढ आला, वेग वाढवला, की शरीर साखरेकडे हात पसरतं. केम्प्स कॉर्नरनंतर मी नेमकं तेच मागितलं आणि पुढून उत्तर आलं नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल खेळाडूंवर हे पाहिलं गेलं. कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं शरीर चरबी जाळायला छान शिकलं, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त पिऊ लागलं आणि शर्यतीची वेळ काही सुधारली नाही. ज्यांना निवांत चालायचं आहे त्यांनी खुशाल तसं खावं. मला चढ चढायचा होता.

आता भाचा. ताईचा मुलगा, वय २४, करी रोडच्या एका जिममध्ये जातो. त्या पहाटे काळी कॉफी आणि त्याच्या डब्यातला एक स्कूप गुलाबी पाणी एवढंच माझ्या पोटात होतं. आदल्या रात्री तो मुक्कामाला होता. शेकर खळखळत म्हणाला होता, "अगं मावशी, हे घेऊन जा. बीसीएए आहे. एनर्जी पण मिळते आणि मसल जळत नाही." कलिंगडाचा वास, मागून औषधासारखी कडवट चव. डबा साडेअठराशेचा. बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लं (प्रथिनं ज्या तुकड्यांची बनतात ते), एका स्कूपात तिन्ही मिळून ५ ग्रॅम: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. ५ ग्रॅम म्हणजे जास्तीत जास्त २० कॅलरी. वॉचमनच्या चहात याहून जास्त एनर्जी होती, आणि ती फुकट मिळाली.

पण "मसल जळतो" हे खरं की खोटं? याचं उत्तर लघवीत आहे. तोंड वाकडं करू नका, आमचा धंदाच तो. प्रथिनांत नायट्रोजन असतो, साखरेत आणि चरबीत नसतो. प्रथिनं जाळली की तो नायट्रोजन मुख्यतः युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो, म्हणजे किती जाळली ते मोजता येतं. एकोणिसाव्या शतकात लीबिग या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की स्नायूंचं इंधन म्हणजे प्रथिनंच. १८६५ मध्ये आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लित्सेनुस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढायला निघाले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनं बंद केली. खाल्लं काय, तर चरबीत तळलेल्या स्टार्चच्या वड्या आणि साखरेचा चहा. (वॉचमनशी जमलं असतं त्यांचं.) साधारण दोन हजार मीटर चढले, आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरहून जास्तच, आणि वाटेतली सगळी लघवी बाटल्यांत जपून आणली. नायट्रोजन मोजला. पुढच्या वर्षी फ्रँकलंड नावाच्या इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञाने प्रथिनं जाळल्यावर किती ऊर्जा निघते ते मोजलं. दोन्ही जुळवल्यावर दिसलं, की जळालेली प्रथिनं दोन माणसांना डोंगरावर चढवायच्या कामाच्या निम्म्यालाही पुरत नाहीत. बाकीचं काम वड्यांनी केलं होतं. हृदयातून मिनिटाला किती रक्त जातं ते मोजायला आजही ज्याचं तत्त्व वापरतात, तो हाच फिक. मला तो बाटल्यांसाठी जास्त आवडतो.

तरी भाचा अगदीच चुकीचा नव्हता. थोडी अमिनो आम्लं जळतातच, आणि किती जळणार ते साखरेच्या साठ्यावर ठरतं. १९८० मध्ये लेमन आणि मुलिन यांनी तासभर सायकल चालवणाऱ्यांच्या घामातला युरिया मोजला. साठा भरलेला असताना सुमारे ४ टक्के ऊर्जा प्रथिनांतून आली, साठा रिकामा असताना सुमारे १० टक्के. माझ्या वेगाला मांडून पाहिलं तर तासाला पाचेक ग्रॅमऐवजी अकरा-बारा ग्रॅम. म्हणजे स्नायू वाचवायचा असेल तर आदल्या रात्रीचा भात.

राजापूरकडच्या आमच्या घरी एका श्रावणात आठ दिवस पाऊस हटला नव्हता. लाकडं ओली, नुसता धूर. मुंबईचे पाहुणे येऊन बसलेले आणि चूल पेटेना. आजीने माळ्यावरचा एक तडकलेला पाट काढला, कोयतीने त्याचे तीन तुकडे केले आणि चुलीत सारले. जुना सागवान, काय पेटला! चहा झाला. संध्याकाळी पंगतीला एक पाट कमी पडला आणि आजोबा गोणपाटावर बसून जेवले, आजीकडे न बघता. गेटपाशी गार हातांनी ग्लास धरून बसले होते तेव्हा मला तो पाट आठवला. माझ्या चुलीतही पाटच चालले होते.

यातली गंमत लॅबवाल्यांनाच जास्त कळेल. ही तीन अमिनो आम्लं यकृतात फारशी फुटत नाहीत, स्नायूतच फुटतात. त्यांचा नायट्रोजन स्नायू रक्तात असाच सोडत नाही. त्यातला बराचसा पायरुवेटवर (साखर फुटून जे बनतं त्यावर) चढवून अ‍ॅलानिन हे आणखी एक अमिनो आम्ल बनवतो आणि यकृताकडे पाठवतो. यकृत अ‍ॅलानिनचा नायट्रोजन काढून युरिया करतं आणि उरलेल्या सांगाड्याचं पुन्हा ग्लुकोज बनवून रक्तात सोडतं. ही देवाणघेवाण करणारं एन्झाइम कोणतं? एसजीपीटी! रोज शेकडो रिपोर्टांवर आम्ही लिव्हर फंक्शनच्या रकान्यात छापतो तेच. ते स्नायूतही असतं, कमी प्रमाणात, आणि त्याचं भावंड एसजीओटी तर स्नायूत भरपूर असतं.

गेल्या वर्षी भाच्याच्या ऑफिसच्या मेडिकलमध्ये दोन्ही वाढलेले आले, एसजीओटी जास्त. ताई रडकुंडीला. "दारू पितो की काय गं हा?" मी त्याला एवढंच विचारलं की पायांचा व्यायाम कधी केला होतास. दोन दिवस आधी, आणि तोही महिनाभराच्या सुट्टीनंतर. डॉक्टरांशी बोलून त्याच रक्तात सीपीके (मुख्यतः स्नायूतलं एन्झाइम) लावलं, ते कितीतरी पटींनी वर. स्नायूंच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातला माल रक्तात सांडतो, त्याचा हा आकडा. दहा दिवस विश्रांती, पुन्हा रक्त, सगळं जागेवर. तेव्हापासून ताई माझं ऐकते. भाचा अर्धंच ऐकतो. तपासणीला रक्त द्यायच्या आधी आठवडाभर वजनं उचलू नका, किंवा निदान डॉक्टरांना सांगा, एवढं या निमित्ताने तुम्हालाही सांगते.

भाच्याचं गणित माझ्यासारखं नाही, हेही कबूल. त्याला स्नायू वाढवायचाय. त्याच्या सेटसाठी इंधन पिंपातलंच, पण व्यायामानंतर बांधकामाला अमिनो आम्लं लागतात, आणि ल्युसिन खरोखरच ते काम सुरू करायचा इशारा देतं. पण लालबाग-परळच्या पोराला हे समजवायला दहीहंडीइतकं सोपं दुसरं काय! ल्युसिन शिट्टी वाजवणारा. शिट्टी वाजली म्हणून थर लागतात का? शरीर स्वतः बनवू शकत नाही अशी अमिनो आम्लं नऊ, डब्यात तीन. बाकीची सहा कुठून आणणार? पोटात नसतील तर अंगातल्याच स्नायूतून काढून. म्हणजे जो वाचवायला डबा घेतला, त्याच्याच घरून माणसं बोलवायची. दोन अंडी, वाटीभर मटकीची उसळ, ग्लासभर दूध यांत नऊच्या नऊ येतात. धान्यात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी, म्हणून वरण-भात एकत्र. ताईच्या घरी बुधवार-शुक्रवार-रविवार बांगडा असतोच, शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं. "पण ते शेकरमध्ये नाही ना टाकता येत," भाचा म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोघा डॉक्टरांनी एकच व्यायामाची सायकल दोघांत वाटून घेतली, एकाने एका बाजूचं पेडल मारायचं, दुसऱ्याने दुसऱ्या. प्रत्येकाचा एक पाय दमून गेला, दुसरा आरामात. मग तीन दिवस दोघांनी कर्बोदकं रेटून खाल्ली आणि मांडीत जाड सुई घालून स्नायूचे तुकडे काढून पाहिले. राबलेल्या पायातला साठा आराम केलेल्या पायाच्या दुप्पट! खाणं एकच, रक्त एकच, माणूस एकच. मांडीत ती सुई काय दुखली असेल याची मला जरा जास्तच कल्पना आहे.

तर मी भातावर परत आले. शनिवारी रात्री पोटभर वरण-भात आणि बटाट्याची भाजी. पहाटे एक केळं, त्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं, आणि अर्धा कप चहा. कमरेच्या पट्ट्यात दोन छोट्या बाटल्या कोकम सरबताच्या, साखर नेहमीपेक्षा कमी आणि मीठ चिमूटभर जास्त. मीठ नुसतं घामाची भरपाई म्हणून नाही. आतड्यात ग्लुकोज ज्या दारातून आत येतं तिथे त्याला सोडियमचा हात धरूनच यावं लागतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रोग्यांना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं, तेही याच दारातून. ते दार तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज आत घेतं. साखरेतल्या फ्रुक्टोजला वेगळं दार आहे. मला एवढं लागतच नाही. तासाला ३० ग्रॅममध्ये माझं भागतं, आणि चिक्कीचा तुकडा खिशात असतो. फक्त वरळीच्या उन्हात ती चिक्की कागदाला चिकटते आणि धावता धावता दाताने सोडवत बसावं लागतं.

जानेवारीत हाफ झाली. २ तास ३८ मिनिटं, एकदाही न बसता. सायकलवाल्यांशी संबंध सुधारले आहेत. त्या गेटवर दोनदा थांबले, पण ड्युटीवर दुसराच माणूस होता. पार्ले-जीचा पुडा त्याच्याकडे ठेवून आले, पोचला की नाही माहीत नाही.

भाच्याने दुसरा डबा घेतला नाही. पटलं म्हणून नाही, मे महिन्यात गोव्याला जायचंय म्हणून पैसे साठवतोय. रिकाम्या डब्यात ताईने तांदळाचं पीठ भरून ठेवलंय. झाकण घट्ट आहे, पोरकिडे लागत नाहीत म्हणते. फक्त परवाच्या घावनांना कलिंगडाचा वास येत होता.